साईटवरचे फोटो जड, फाटके किंवा गायब: फॉरमॅट बदलण्याआधी काय तपासायचं

नाशिकमधल्या छोट्या धंद्यांच्या वेबसाईट सांभाळणं हे माझं काम. दिंडोरीचे द्राक्षवाले, येवल्याचे पैठणीवाले, सातपूर-अंबडचे वर्कशॉपवाले, गंगापूर रोडचे दोन-तीन डॉक्टर. नवी साईट करायला फोन येतो त्यापेक्षा जुन्या साईटच्या तक्रारीचे जास्त येतात, आणि त्यातले बरेचसे फोटोंचे. शब्द दरवेळी वेगळे, बिघाड मात्र तेच सात-आठ. म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय.

लोक सांगतात त्याच शब्दांत लक्षणं:

- "साईट उघडते, पण वरचा मोठा फोटो वरून खाली ओघळत येतो."
- "फोटो फाटतोय."
- "लोगोच्या मागे पांढरा डबा दिसतो."
- "अक्षरांभोवती मुंग्या लागल्यासारखं दिसतं."
- "माझ्या फोनवर दिसतं, गिऱ्हाइकाच्या फोनवर रिकामी चौकट."
- "साडीचा रंग भलताच आलाय."
- "फोटो आडवा झोपलाय."
- "फोटो उघडायला गेलं की डाउनलोडच होतो."
- "व्हॉट्सॲपवर लिंक टाकली तर सोबत फोटो येत नाही."

माझ्यापर्यंत तक्रार येते तेव्हा कुणीतरी आधीच सल्ला दिलेला असतो, "सगळं वेबपी करून टाका." वेबपी म्हणजे फोटो कमी जागेत साठवणारा एक नवा फॉरमॅट, फाईलचा प्रकार. सल्ला वाईट नाही, जागा चुकलेली आहे. ते काम सातव्या पायरीवरचं. पहिल्याच दिवशी सगळे फोटो वेबपीत बदलले की मूळ बिघाड तसाच राहतो, आणि तो नेमका कुठे होता हे शोधणं आणखी अवघड होतं. खालच्या तपासण्या फुकट आणि सोप्यापासून सुरू होतात. क्रम मोडू नका.

आधी बघा, बिघाड खरंच आहे का

साईट खाजगी विंडोत उघडा. मग वायफाय बंद करून मोबाईल डेटावर, शक्यतो दुसऱ्याच्या फोनवर उघडा. संगणकावर असाल तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा.

ब्राउझर एकदा आणलेला फोटो स्वतःकडे साठवून ठेवतो. तुम्ही दुकानाचा नवा फोटो जुन्याच नावाने चढवला असेल तर ब्राउझरच्या लेखी काही बदललेलंच नाही, तो जुनाच दाखवत बसतो. मध्ये सीडीएन, म्हणजे साईटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवून जवळून पोचवणारी सेवा, असेल तर तिथेही जुनी प्रत पडून असते. उपाय सोपा: नवा फोटो नव्या नावाने चढवा. नावाच्या शेवटी एखादा आकडा लावला तरी पुरतं. माझ्याकडे आलेल्या कितीतरी "फोटो बदलतच नाही" या तक्रारी इथेच मिटल्या आहेत आणि त्याचे पैसे मी घेतलेले नाहीत. (चहा घेतलाय.)

फोटो एकटा उघडा

फोटोवर राइट क्लिक करून, फोनवर असाल तर बोट दाबून धरून, तो नव्या टॅबमध्ये उघडा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण पुढचा रस्ता यावरच ठरतो.

"सापडत नाही" असं आलं तर फॉरमॅटचा काही संबंध नाही, नाव किंवा पत्ता चुकलाय. यातली सगळ्यात चिवट चूक इंग्रजी अक्षरांची. कॅमेरा फाईलच्या शेवटी जेपीजी मोठ्या अक्षरांत लिहितो आणि साईट बनवणारा कोडमध्ये लहान अक्षरांत. विंडोजला दोन्ही सारखीच, म्हणून त्याच्या संगणकावर सगळं छान चालतं. होस्टिंग, म्हणजे साईट जिथे ठेवलेली असते तो सर्व्हर, बहुधा लिनक्सवर असतं आणि तिथे ती दोन वेगळी नावं. फाईलच्या नावात लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच ठेवा. मोकळी जागा नको, कंस नको, आणि आपली मराठी कितीही लाडकी असली तरी इथे देवनागरीही नको.

फोटो एकटा उघडला तर छान दिसतो पण पानावर फाटतो, तर पानाने तो ताणलाय किंवा बारीक प्रत उचललीय. एकटाही फाटकाच दिसला तर फाईलच तशी आहे, पुढची पायरी वाचा. आणि उघडण्याऐवजी डाउनलोड झाला तर तो बहुधा सर्व्हरचा मामला, त्यासाठी थेट शेवटाकडे जा.

फोटो कुठल्या वाटेने आला?

हा प्रश्न मी गिऱ्हाइकाला फोनवरच विचारतो. उत्तर ठरलेलं: "व्हॉट्सॲपवर पाठवले होते ना तुम्हाला!"

व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो लहान करतं आणि पुन्हा दाबतं, म्हणजे तपशील गाळून फाईलचं वजन कमी करतं. एचडी निवडलं तर कमी दाबतं, पण दाबतंच. तो फोटो आधी दुकानदाराच्या मुलाकडून दुकानदाराकडे, तिथून माझ्याकडे असा दोन-तीनदा फिरला की झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स होते. जेपीजी हा फॉरमॅट काही माहिती कायमची टाकून देऊनच फाईल लहान करतो, आणि पुन्हा दाबला की पुन्हा टाकतो. टाकलेलं परत येत नाही. "मग आता पीएनजी करून घ्या, क्वालिटी वाढेल" असं म्हणणारे भेटतात. किसलेला नारळ करवंटीत दाबून भरला म्हणून अखंड नारळ होत नाही. फाईल तेवढी कितीतरी जड होते.

उपाय: फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ड्राइव्हवर टाकायला सांगा. डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फाईलला व्हॉट्सॲप हात लावत नाही.

याचंच दुसरं भावंड म्हणजे स्क्रीनशॉट. इन्स्टाग्रामवरचा आपलाच जुना फोटो हवा असतो, मूळ कुठे गेला ते आठवत नाही, मग स्क्रीनशॉट. एका होमस्टेच्या पहिल्याच पानावर गंगापूर धरणाचा संध्याकाळचा सुंदर देखावा होता आणि वरच्या कोपऱ्यात बॅटरी १४ टक्के. मालकांना वर्षभर ते दिसलं नव्हतं. स्क्रीनशॉट बऱ्याच फोनवर पीएनजीत साठतो, त्यामुळे अशा फोटोत दर्जा कमी आणि वजन जास्त, असं दोन्हीकडून नुकसान.

याच पायरीवर आयफोनचाही प्रश्न विचारून घ्या. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं तेव्हापासून आयफोन फोटो एचईआयसी नावाच्या फॉरमॅटमध्ये साठवतो. सफारी तो २०२३ पासून दाखवते, क्रोम दाखवत नाही. म्हणजे मालकाच्या आयफोनवर साईट टकाटक आणि बाकी गावाच्या अँड्रॉइडवर रिकामी चौकट. "माझ्याकडे तर दिसतंय" हे वाक्य आणि समोरच्याच्या हातात आयफोन, एवढं जुळलं की मी पुढे काही तपासत नाही. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपीजीत येतात. आधीचे बदलून घ्यावे लागतात. वर्डप्रेस हे साईट बनवायचं सॉफ्टवेअर आवृत्ती ६.७ पासून चढवतानाच एचईआयसीचं जेपीजी करतं, पण सर्व्हरवरच्या इमेजमॅजिक या फोटो हाताळणाऱ्या प्रोग्रामला एचईआयसी वाचता येत असेल तरच. त्यावर विसंबू नका.

आणि कृपा करून फाईलचं शेपूट बदलून फॉरमॅट बदलला असं समजू नका. नावातलं एचईआयसी खोडून जेपीजी लिहिलं तर आत एचईआयसीच राहतं. शंका आली तर फाईल नोटपॅडमध्ये उघडा. बाकी सगळी अगम्य अक्षरं दिसतील, पण अगदी सुरुवातीला पीएनजी असेल तर तशी इंग्रजी अक्षरं, वेबपी असेल तर आर-आय-एफ-एफ आणि पुढे वेबपी, एचईआयसी किंवा एव्हीआयएफ (हाही एक नवा फॉरमॅट) असेल तर एफ-टी-वाय-पी दिसतं. बघून झालं की सेव्ह न करता बंद करा, नाहीतर फाईल कायमची बिघडते.

माप: बहुतेक वेळा घोडं इथेच अडलेलं असतं

साईट जड आहे म्हणून लोक फॉरमॅटच्या मागे लागतात. मी आधी फोटोची रुंदी बघतो.

फोनचा साधा १२ मेगापिक्सलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सलचा असतो. साईट बघणाऱ्याचा फोन पानाच्या हिशोबात ३६० ते ४३० पिक्सल रुंद असतो आणि पडदा दाट असल्यामुळे त्याच्या तिप्पट धरा. म्हणजे पुरी रुंदी भरायलाही १३०० पिक्सल पुरतात. उरलेले पिक्सल गिऱ्हाइकाच्या डेटावर येतात आणि पडद्यावर न दिसताच जातात.

यात एक गोम आहे. फाईल किती केबीची आहे हा एक हिशोब. फोनने ती उघडल्यावर मेमरीत किती जागा खाल्ली हा दुसरा. उघडलेल्या फोटोत प्रत्येक पिक्सलला साधारण ४ बाइट लागतात. ४००० गुणिले ३००० गुणिले ४ म्हणजे ४.८ कोटी बाइट, सुमारे ४८ एमबी, एका फोटोला. मग फाईल जेपीजीची असो, वेबपीची असो की आणखी कशाची. एका द्राक्ष निर्यातदाराच्या गॅलरीत असे बारा फोटो एकाखाली एक होते. कुणीतरी प्लगइन, म्हणजे साईटला जोडायचा छोटा प्रोग्राम, लावून ते वेबपी केले होते, फाईली चांगल्या लहान झाल्या होत्या, आणि तरी त्यांच्या पॅकहाउसमधल्या मुलाच्या साध्या फोनवर पान सरकवलं की अडखळत होतं. मी फॉरमॅटला हात लावला नाही. सगळे १६०० पिक्सल रुंदीवर आणले. १६०० बाय १२०० ला तोच हिशोब पावणेआठ एमबीच्या आत येतो. पान सुतासारखं सरळ झालं.

माझी मापं सांगतो: पूर्ण रुंदीचा वरचा फोटो १६०० ते १९२०, लेखातला किंवा उत्पादनाचा १२००, छोट्या चौकटीतला ६००. पैठणीची वीण बघायला झूम द्यायचा असेल तर त्यासाठी वेगळी २४००ची फाईल, जी फोटोवर बोट टेकवल्यावरच उतरेल.

वर्डप्रेसवाल्यांना वाटतं हे आपोआप होतं. अर्धं खरं आहे. आवृत्ती ५.३ पासून वर्डप्रेस २५६० पिक्सलपेक्षा मोठ्या फोटोची लहान प्रत करतं आणि आणखी बारीक प्रतीही करून ठेवतं. पण पेज बिल्डरमध्ये (कोड न लिहिता पान जुळवायच्या साधनात) फोटो पार्श्वभूमी म्हणून लावला असेल तर फोनप्रमाणे योग्य प्रत निवडण्याची सोय बहुधा चालत नाही आणि सगळ्यांना एकच मोठी प्रत जाते. "वरचा मोठा फोटो ओघळत येतो" ही तक्रार बहुतेकदा याच पार्श्वभूमीच्या फोटोची असते. त्याच फोटोला लेझी लोडिंग, म्हणजे जवळ सरकल्यावरच फोटो आणण्याची सोय, लावलेलं असेल तर ते काढा. ते खालच्या फोटोंसाठी असतं. पहिल्याच फोटोला लावणं म्हणजे पाहुणे दारात उभे असताना चहाचं आधण ठेवायला जाणं.

माप कमी करायला स्क्वूश नावाचं गूगलचं फुकट साधन आहे, ब्राउझरमध्येच चालतं, फोटो कुणाच्या सर्व्हरवर जात नाही. मधली रेघ डावी-उजवीकडे सरकवून आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी-शेजारी बघता येतो. क्वालिटीचा आकडा जेपीजीला ७५ ते ८२च्या आसपास ठेवा. १०० ठेवलं तर फाईल कितीतरी फुगते आणि डोळ्याला फरक दिसत नाही. हा आकडा टक्के नव्हे, आणि एका फॉरमॅटचा ८० म्हणजे दुसऱ्याचा ८० नव्हे. एव्हीआयएफला मी ५०-६० ठेवतो आणि ते पुरतं.

चित्र कशाचं आहे?

आता कुठे फॉरमॅट. नियम एकच: कॅमेऱ्यातून आलं असेल तर जेपीजी किंवा त्याचे नवे वारसदार, संगणकावर काढलं असेल तर पीएनजी किंवा एसव्हीजी (यात पिक्सलऐवजी रेघांचे आकडे साठवतात).

जेपीजी १९९२ सालचा. तो चित्राचे ८ बाय ८ पिक्सलचे चौकोन करतो आणि प्रत्येक चौकोनात डोळ्याला जाणवणार नाहीत असे बारीक चढउतार गाळतो. द्राक्षाच्या घडावर, माणसाच्या चेहऱ्यावर हे खपून जातं, कारण तिथे रंग हळूहळू बदलतात. पण पांढऱ्यावर काळं अक्षर म्हणजे एका पिक्सलमध्ये उजेडाचा अंधार. त्या चौकोनात जेपीजीची त्रेधा उडते आणि अक्षराभोवती करडे ठिपके सांडतात. त्याच त्या मुंग्या. अंबडच्या एका वर्कशॉपने आपल्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज जेपीजीत टाकली होती. ०.०५चा टॉलरन्स वाचायला खरेदीदाराला डोळे बारीक करावे लागत होते. मूळ ड्रॉइंगवरून पीएनजी काढली. फाईल आधीपेक्षा लहान झाली आणि आकडे कोरल्यासारखे आले. सपाट रंग आणि सरळ रेघा पीएनजीत फार कमी जागेत मावतात. उलट फोटो पीएनजीत ठेवला तर तो काहीच टाकत नाही, म्हणून फाईल अवाढव्य होते.

लोगोमागचा पांढरा डबा हाच प्रकार. जेपीजीला पारदर्शकता माहीतच नाही, रिकाम्या जागी काहीतरी रंग भरावाच लागतो. पीएनजीला माहीत आहे. पण जेपीजी लोगोचं पीएनजी केलं तर डबा तसाच येतो, कारण तो आता चित्राचाच भाग झालाय. लोगो बनवणाऱ्याकडून मूळ फाईल मागा. ती मिळाली तर एसव्हीजी करून घ्या, कितीही ताणा, फाटत नाही.

एसव्हीजीत दोन फसवणुकी नेहमी सापडतात. पहिली, लोगो एसव्हीजी म्हणून येतो पण वजन दोन-तीन एमबी. नोटपॅडमध्ये उघडा. आत रेघांचे आकडे असायला हवेत. त्याऐवजी बेस-सिक्स्टीफोर असा शब्द आणि पुढे पानंच्या पानं अगम्य अक्षरं असतील, तर कुणीतरी पीएनजीला एसव्हीजीचा सदरा घातलाय.

दुसरी आपल्या भाषेची खास. मेन रोडवरच्या एका दुकानाचं मराठी नाव डिझायनरच्या संगणकावर झोकदार अक्षरांत दिसत होतं आणि दुकानदाराच्या फोनवर तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. अक्षरं श्रीलिपीत टाइप केलेली होती. असे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी वळणं बसवतात. फॉन्ट असेल तिथे मराठी, नसेल तिथे खिचडी. युनिकोड फॉन्ट, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःची जागा देणाऱ्या पद्धतीचा, असता तर निदान नाव वाचता आलं असतं, वळण तेवढं बदललं असतं. दोन्हीवर इलाज एकच: डिझायनरला अक्षरांचे आऊटलाईन करून फाईल द्यायला सांगा. मग ती अक्षरं राहत नाहीत, आकार होतात, आणि कुठल्याही फोनवर तशीच दिसतात.

हलत्या 'दिवाळी धमाका' जीआयएफबद्दल एवढंच: तो १९८७चा फॉरमॅट आहे, एका फ्रेमला २५६ रंग, आणि काही सेकंदांच्या हालचालीला कित्येक एमबी. छोटा मूक व्हिडिओ लावा, किंवा काहीच लावू नका.

रंग बिघडतो तेव्हा

यावर जरा थांबतो, कारण नाशिक जिल्ह्यात साडी आणि द्राक्षं दोन्ही रंगावर विकली जातात.

येवल्याच्या एका पैठणीवाल्या काकांचा फोन होता. "अहो दादा, माझी डाळिंबी साडी साईटवर विटकरी दिसतेय. बाई परत पाठवते म्हणतात." फोटो आयफोनचा, छान उजेडात काढलेला. त्यांच्या फोनच्या गॅलरीत रंग बरोबर, साईटवर उडालेला.

आयफोनचे फोटो डिस्प्ले पी-३ नावाच्या रुंद रंगपट्ट्यात असतात. फाईलमधले आकडे कुठल्या पट्टीने वाचायचे हे सांगणारी चिठ्ठी, म्हणजे कलर प्रोफाईल, फाईलमध्येच असते. साईटवर फोटो बारीक करणारं प्लगइन होतं आणि त्यात 'मेटाडेटा काढा', म्हणजे फाईलमधल्या फोटोविषयीच्या नोंदी काढा, यावर टिक होती. त्याने वजन वाचवायला चिठ्ठीही फेकली. चिठ्ठी नसली की ब्राउझर आकडे साध्या एसआरजीबी पट्टीने वाचतो आणि लाल, हिरवा, केशरी फिके पडतात. मोरपंखीही फिकी होतीच, पण ती कुणाला खटकली नव्हती.

त्याच एका टिकमुळे फोटो आडवाही झोपू शकतो. फोन उभा धरून काढलेला फोटो पुष्कळदा आत आडवाच साठतो, सोबत "दाखवताना वळवा" अशी नोंद असते. नोंद गेली की फोटो आडवा. मग टिक काढून टाकायची का? तर नाही. त्याच मेटाडेटात फोटो काढल्या जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात, आणि घरून धंदा करणाऱ्या बाईच्या घराचा पत्ता साईटवर जाहीर व्हावा असं कुणालाच वाटत नाही. योग्य क्रम असा: आधी फोटो सरळ करून एसआरजीबीत बदलून सेव्ह करा, मग मेटाडेटा काढा.

काकांचा रंग आला, पण जवळून बघितल्यावर आणखी एक खोट दिसली. हिरव्या काठावरच्या बारीक लाल बुट्ट्यांच्या कडा ओल्या शाईसारख्या फुटलेल्या. डोळा उजेडातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला तितका नाही. याचा फायदा घेऊन जेपीजी साधारणपणे दोन बाय दोन, म्हणजे चार पिक्सलना मिळून रंगाची एकच नोंद ठेवतो. उजेडाची मात्र चारही. बाकी फोटोंत हे कळत नाही, पण हिरव्यावर लाल बुट्टी किंवा गडद निळ्यावर लाल अक्षर असलं की कडा फुटते. स्क्वूशमध्ये मोझजेपीईजी (जेपीजी बनवायचा पर्याय) निवडून पुढच्या पर्यायांत हे क्रोमा सबसॅम्पलिंग बंद करता येतं. फाईल थोडी वाढते, बुट्टी परत टोकदार होते. आणि इथे वेबपी कमी पडतो, कारण तपशील गाळून दाबलेल्या वेबपीत ही बचत बंद करण्याची सोयच नाही. 'सगळं वेबपी' या सल्ल्यावर माझा राग आहे तो मुख्यतः या काठापदरांमुळे.

छापखान्याकडून आलेल्या फाईलीचा रंग भडक किंवा मळकट दिसत असेल तर ती छपाईच्या चार शाईंच्या हिशोबातली, सीएमवायके जेपीजी आहे. आरजीबीत बदलून घ्या. रंग जुळवणं जमत नसेल तर डिझायनरलाच करू द्या, अंदाजाने रंग ओढत बसू नका.

आता वेबपी आणि एव्हीआयएफ

मापं बसली, चित्राप्रमाणे फॉरमॅट लागला, रंग जुळले. आणि तरी वजन कमी हवंय, तर हे करा. वेबपी गूगलने २०१० मध्ये आणला. बरीच वर्षं ॲपलने तो घेतला नाही, २०२०च्या सफारी १४ पासून घेतला. एव्हीआयएफ २०१९चा, एव्ही-१ या व्हिडिओच्या तंत्रावर उभा. क्रोममध्ये २०२० पासून, आयफोनवर २०२२च्या आयओएस १६ पासून. त्याच दर्जाला दोन्ही जेपीजीपेक्षा बहुधा लहान भरतात, एव्हीआयएफ जास्तच, विशेषतः सपाट आकाश आणि धूसर पार्श्वभूमीच्या फोटोंत. एव्हीआयएफ बनायला वेळ खातो, स्वस्त होस्टिंगवर हजार फोटो एकदम घातले तर सर्व्हर बसतो. आपल्या संगणकावर करून मग चढवा.

जुन्या फोनवाल्यांसाठी पिक्चर टॅगमध्ये (पानाच्या कोडमध्ये एकाच चित्राचे पर्याय देण्याच्या जागी) आधी एव्हीआयएफ, मग वेबपी, शेवटी जेपीजी असा क्रम द्यायचा. ब्राउझर वरून वाचत येतो आणि त्याला कळणारा पहिला उचलतो. क्रम उलटा लावला तर सगळ्यांना जेपीजीच जातो आणि आपण म्हणतो फरकच पडला नाही. वर्डप्रेसमध्ये वेबपी ५.८ पासून, एव्हीआयएफ ६.५ पासून चढवता येतो. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर फोटोंआधी तिची चिंता करा.

व्हॉट्सॲपच्या लिंकसोबत फोटो येत नसेल तर त्या जागी कुठला फॉरमॅट दिलाय ते बघा. प्रिव्ह्यूसाठी मी नेहमी वेगळा साधा जेपीजी ठेवतो, १२०० बाय ६३०, तीनशे केबीच्या आत.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

फोटो उघडण्याऐवजी डाउनलोड होतो, किंवा एव्हीआयएफ टाकला की चौकट रिकामी: बहुधा सर्व्हर ब्राउझरला फाईलचा प्रकार चुकीचा सांगतोय. जुन्या सर्व्हरच्या यादीत एव्हीआयएफ नसतोच. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ सर्व्हरच्या सेटिंगच्या (एचटीॲक्सेस किंवा एनजिनेक्सच्या) फाईलमध्ये जाते आणि तिथे एक चिन्ह चुकलं तर फोटोच नाही, अख्खी साईट पडते. होस्टिंगवाल्याला तिकीट टाका आणि "इमेज एव्हीआयएफ हा माइम टाइप जोडा" एवढंच लिहा.

एकाच लिंकवर कुणाला वेबपी, कुणाला जेपीजी येतोय आणि काहींना काहीच दिसत नाही, मध्ये सीडीएन आहे: हा कॅशेच्या हेडरचा, म्हणजे साठवलेली कुठली प्रत कुणाला द्यायची या सूचनांचा, गुंता आहे. घरी सोडवायला जाऊ नका.

शेकडो फोटोंची नावं किंवा फॉरमॅट जुन्या साईटवर एकदम बदलायचे आहेत: डेटाबेसमधले पत्तेही बदलावे लागतात. बॅकअप घेतल्याशिवाय आणि तो परत चढवून बघितल्याशिवाय कुणालाही सुरुवात करू देऊ नका.

कुणीतरी पाठवलेला एसव्हीजी चढवायचाय आणि वर्डप्रेस नकार देतंय: नकार बरोबर आहे. एसव्हीजीत स्क्रिप्ट लपवता येते. तो अडथळा काढणारं प्लगइन शोधण्याआधी जाणत्या माणसाकडून फाईल साफ करून घ्या.

आणि सगळे फोटो नीट करूनही पान पहिले दोन-तीन सेकंद कोरंच राहत असेल, तर दोष फोटोंचा नाही. होस्टिंग किंवा थीम बघणारा माणूस हवा.

त्याला बोलवाल तेव्हा तीन गोष्टी तयार ठेवा: कुठल्या फोनवर, कुठल्या ब्राउझरमध्ये बिघाड दिसतो त्याची नोंद, बिघडलेल्या एका फोटोची थेट लिंक, आणि त्याच फोटोची मूळ फाईल. पेनड्राइव्हवर द्या, व्हॉट्सॲपवर नको.